काठावरचा पुंजका

गुरुवारी मिळायचा रिपोर्ट सोमवारी मिळाला, आणि मधल्या चार दिवसांत मी माणूस म्हणून किती हलका आहे ते मला पुरते कळून चुकले. आमच्या सौभाग्यवतींच्या मानेवर डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती. डॉक्टरांनी ती काढली, बाटलीत घातली आणि तपासायला पाठवली. "गुरुवारी या," असे सांगितले होते. गुरुवारी गेलो तेव्हा खिडकीतला मुलगा मान वर न करताच म्हणाला, "सोमवारी. स्लाइड परत करायचीय."

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी कल्पनाशक्ती हा शापच वाटतो. स्लाइड परत का करायची? पहिलीत काही भयंकर दिसले असेल म्हणून? की दिसूनही सांगवत नसेल म्हणून? घरी आल्यावर मी "गर्दी आहे म्हणे," असे ठोकून दिले. सौ. काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री त्यांनी कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते मला दोनदा सांगितले. चार दिवस मी त्या इस्पितळाला, त्या खिडकीला आणि त्या मुलाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की तेवढ्या माझ्या सगळ्या कादंबऱ्यांतल्या खलपुरुषांनीही दिल्या नसतील.

सोमवारी मी भांडायच्या तयारीनेच गेलो. खिडकीपाशी न थांबता थेट मागच्या खोलीत शिरलो. तिथे पन्नाशीच्या एक बाई यंत्रापुढे बसल्या होत्या. आवाज चढवून मी उशिराचे कारण विचारले. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पहिली स्लाइड माझ्या हातून बिघडली, गुरुजी. म्हणून दुसरी केली. बसा, डॉक्टर तुम्हाला सगळं सांगतील."

भांडायला गेलेल्या माणसाला याहून मोठा अडथळा नसतो. समोरचा माणूस सबब सांगू लागला तर आपला राग फुलतो. त्याने चूक कबूल केली की आपल्या हातातली काठी कुठे ठेवावी ते आपल्याला कळेनासे होते. मी बसलो.

डॉक्टरांनी जे सांगितले ते असे. गाठ क्षयाची दिसत होती. सहा महिन्यांच्या औषधाने बरी होण्याजोगी. पण पहिल्या स्लाइडवर, गाठीच्या पातळ कापाच्या अगदी काठावर, एक लहानसा पुंजका होता. मोठमोठ्या पेशी, त्यांची केंद्रके गडद आणि बेढब. क्षयाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्या पेशी कर्करोगाच्या होत्या. मानेच्या गाठीत अशा पेशी सापडणे म्हणजे शरीरात दुसरीकडे कुठेतरी मूळ रोग आहे आणि तो इथवर पसरला आहे, असा अर्थ होतो. डॉक्टरांनी बाईंना बोलावून विचारले. बाईंनी स्लाइड पाहिली आणि सांगितले, "त्या दिवशी सकाळी दोन ब्लॉकच्या मध्ये मी पाण्यावरून कागद फिरवला नव्हता. हा तुकडा आधीच्या पेशंटचा असेल."

या एका वाक्याने माझ्या डोक्यात जे घर केले ते अजून गेलेले नाही. त्याचा अर्थ नीट कळावा म्हणून मी पुढे चार-सहा वेळा त्या खोलीत जाऊन बसलो. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. शाळेत मी मराठी शिकवतो आणि शिक्षक कमी म्हणून चित्रकलेचा तासही घेतो. तेव्हा शास्त्रातले मला जे कळले ते रंगांच्या वाटेने कळले, हे आधीच सांगून टाकतो.

शरीरातून काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये पडतो. त्यात तो सडत नाही, जिथला तिथे थिजतो. मग चढत्या क्रमाच्या अल्कोहोलमधून त्यातले पाणी काढतात, झायलीनमधून अल्कोहोल काढतात, आणि शेवटी वितळलेल्या पॅराफिन मेणात तो मुरवतात. मेण थंड झाले की वडीसारखा ठोकळा होतो, तोच ब्लॉक. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे काप काढतात. एका कापाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट, बस्स. कांद्याचा पापुद्राही त्याच्यापुढे घोंगडी वाटावा! हे काप एकमेकांना चिकटून फितीसारखे बाहेर येतात. ती फीत कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडतात, आणि खालून काच घालून ती अलगद उचलतात. एका पेशंटची फीत उचलली की पाण्यावर कण राहू नयेत म्हणून पृष्ठभागावरून कागदाची पट्टी फिरवायची असते. त्या दिवशी ती फिरवायची राहिली. एवढीच चूक.

काचेवरच्या या कापाला स्वतःचा म्हणावा असा रंग नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो जवळजवळ पारदर्शक, मोकळ्या काचेसारखाच दिसतो. डॉक्टर ज्याच्यावरून निदान करतात ते सगळे रंगवल्यावर दिसते. केंद्रके निळी करायची ती हिमॅटॉक्सिलीनने, आणि भोवतालचा पसारा गुलाबी करायचा तो इओसिनने. म्हणजे आपण ज्याला 'दिसणे' म्हणतो ते इथे आधी घडवावे लागते, आणि घडवणारा हात चुकू शकतो. हे मला कळले तेव्हा मी थोडा दचकलोच. वेदान्तातल्या दोरीवर भासणाऱ्या सापाचे ठीक आहे. दिवा आणला की साप जातो. पण दिव्याच्या काचेलाच रंग द्यायचा असेल तर काय करायचे?

हिमॅटॉक्सिलीनची कुळकथा मजेदार आहे. मेक्सिकोच्या कांपेचे किनाऱ्यावरच्या एका झाडाच्या गाभ्यातून हा रंग निघतो. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तिथे कापड त्यात बुडवले की सुरेख रंग चढे, आणि चार धुण्यांत नि चार उन्हांत उतरून जाई. लोक इतके चिडले की १५८१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदाच करून हा 'फसवा' रंग वापरायला बंदी घातली. ती उठायला सुमारे ऐंशी वर्षे लागली. दोष रंगाचा नव्हता. त्याला कापडाशी बांधून ठेवणारा क्षार वापरायची रीत नीट बसलेली नव्हती. आमच्याकडच्या रंगाऱ्यांना तुरटीचे काम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १८६५ साली बोमर नावाच्या जर्मन माणसाने हिमॅटॉक्सिलीनला तुरटीची जोड दिली, आणि एके काळी कायद्याने खोटा ठरवलेला तो रंग आज जगभर माणसाच्या गाठीविषयी खरे काय ते सांगायला बसला आहे. त्या बाईंच्या फळीवर निळसर जांभळी बाटली होती. तिच्यातही तुरटीच आहे हे ऐकल्यावर मला तिच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. दाढी करताना कापले की आपण गालावर फिरवतो तीच ही तुरटी!

आणखी एक. झाडातून निघालेला हा पदार्थ ताजा असताना रंगतच नाही. हवेशी संयोग होऊन तो 'पिकावा' लागतो. पूर्वी बाटली कित्येक आठवडे उन्हात ठेवत. पुढे औषध घालून लगेच पिकवायची युक्ती निघाली. पिकून फार दिवस झाले तरी तो दमतो, आणि मग केंद्रके फिकट पडतात. केंद्रके फिकट दिसली की बाईंच्या डोक्यात प्रश्नांची माळ सुरू होते. रंग दमला? आम्लाच्या पाण्यात काच जास्त वेळ राहिली? कापावर मेण उरले होते आणि रंग आत गेलाच नाही? की तुकडाच फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला आणि पेशी आधीच मेलेल्या? चारही वेळा डोळ्यांना दिसते ते जवळपास सारखेच. एका पावसाळ्यात त्यांच्याकडे निळा रंग येईचना; केंद्रके तांबूस राहत. रंग बदलला, तुरटी बदलली, काही उपयोग नाही. शेवटी लक्षात आले की शेवटची धुलाई नळाच्या पाण्यात होते, आणि त्या पाण्यात जो थोडा क्षारपणा असतो त्यानेच निळा रंग उमलतो. पावसात पाणी बदलले होते. त्यात अमोनियाचे दोन थेंब टाकले आणि रंग आला. "आम्ही सगळीकडे शोधलं, गुरुजी, फक्त नळाकडे पाहिलं नाही," बाई हसत म्हणाल्या.

सुरीला खाच पडली की कापावर उभ्या रेघा येतात. काप दुमडला की गडद पट्टा दिसतो. अल्कोहोलमध्ये पाणी शिरले की झायलीन दुधासारखे होते आणि काच धुरकट दिसते. यांतल्या बऱ्याच चुका स्वतःच ओरडून सांगतात की आम्ही चुका आहोत. पाहणाऱ्याला चीड येते, पण धोका नसतो. धोका असतो तो सुंदर चुकीचा. माझ्या पत्नीच्या स्लाइडवरचा पुंजका उत्तम रंगला होता. निळे निळे होते, गुलाबी गुलाबी होते. त्यात खोटे काहीच नव्हते. फक्त तो तिथला नव्हता.

रंग अगदी बरोबर लागूनही माणसे चुकतात, हेही सांगायला हवे. इटलीतल्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षाराची एक रीत प्रसिद्ध केली. तिने मेंदूतल्या शेकडो पेशींपैकी थोड्याच काळ्या होतात, पण ज्या होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. हीच रीत स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी हाती घेतली. त्यांना लहानपणी चित्रकार व्हायचे होते, आणि त्यांनी काढलेली मेंदूच्या पेशींची चित्रे पाहिली की ती इच्छा अपुरी राहिली असे म्हणवत नाही. तर एकाच रंगातून गोल्जींना दिसले की मेंदू म्हणजे एक अखंड जाळे आहे. आणि काहालना दिसले की प्रत्येक पेशी वेगळी, शेजारणीला केवळ टेकून उभी. १९०६ साली नोबेल पारितोषिक दोघांना मिळून दिले गेले, आणि गोल्जींनी त्या समारंभाच्या भाषणातही काहालांच्या मताचे खंडनच केले. पेशीपेशींमधली फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली ती १९५० नंतर, दोघेही गेल्यावर. काहाल बरोबर ठरले. पण गोल्जी खोटे बोलत नव्हते. त्यांनी जे दिसले तेच सांगितले, आणि दिसले ते आधीच मनात होते. असल्या चुकीसाठी माणसाला दोष देताना माझी जीभ अडखळते. कोण असा आहे, ज्याने आपल्या मुलाकडे, शेजाऱ्याकडे किंवा बायकोकडे आधीच ठरवलेल्या नजरेने कधी पाहिले नाही?

बाईंची चूक या जातीची नव्हती. आणि त्यांनी जे केले त्याची किंमत कळायला आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. डॉक्टरांनी त्याच ब्लॉकचे खोलवरचे काप पुन्हा काढायला सांगितले. त्यांत तो पुंजका कुठेच नव्हता. मी म्हणालो, "मग झाले की! त्यावरूनच समजले असते." डॉक्टर म्हणाले, "नाही. खरोखरच लहानसा ठिपका असता तर तो पहिल्याच कापात संपूनही गेला असता. पुढच्या कापांत नाही म्हणजे मुळात नव्हता, असं म्हणता येत नाही." पुंजका बाकीच्या कापापेक्षा किंचित वरच्या पातळीवर होता, त्याच्या पेशी आधीच्या पेशंटच्या पेशींशी जुळत होत्या, हे सगळे खरे, पण आधीच्या पेशंटची स्लाइड काढून ताडून पाहायची बुद्धी झाली ती बाईंच्या कबुलीमुळे. त्या गप्प राहिल्या असत्या तर? सौ.ना नसलेल्या रोगाच्या शोधात कुठल्या कुठल्या नळ्या आणि यंत्रे यांतून जावे लागले असते, कोण जाणे.

आणि त्या गप्प राहिल्या असत्या तर ते कुणालाही कळले नसते. कागद फिरवला की नाही याचा साक्षीदार त्या खोलीत दुसरा नव्हता.

या 'नाही'च्या बाबतीत आमच्या गावचे शास्त्रीबोवा मला नेहमी आठवतात. भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानतात, असे ते सांगत. जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणून ती नाही हे आपण जाणतो. पण त्याला अट आहे: घागर असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही म्हणून ती नाही असे म्हणणारा मूर्ख ठरेल. हिला योग्यानुपलब्धी म्हणतात. पोरवयात मला हा काथ्याकूट वाटे. त्या मागच्या खोलीत मी हीच अट रोज पाळलेली पाहिली. क्षयाचे जंतू शोधायला वेगळा रंग असतो; तापवलेल्या तांबड्या रंगात काच ठेवायची, मग आम्लाने धुवायची. बाकी सगळे धुऊन जाते, जंतू तेवढे तांबडे राहतात. मागे निळी पार्श्वभूमी देतात. पेशंटच्या काचेबरोबर दर वेळी आणखी एक काच रंगवतात, जिच्यात जंतू आहेत हे आधीच माहीत असते. तिच्यात ते तांबडे दिसले तरच पेशंटच्या काचेतल्या 'नाही'ला अर्थ. सौ.च्या काचेत जंतू दिसले नाहीत. जोडीच्या काचेत दिसले. तरीही रिपोर्टात 'जंतू नाहीत' असे लिहिलेले नव्हते. 'या कापात आढळले नाहीत' असे लिहिले होते. गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न घालता वेगळ्या यंत्राच्या तपासणीसाठी पाठवला होता. त्यात ते पुढे सापडलेच. 'नाहीत' आणि 'आढळले नाहीत' यांतला फरक मी सातवीच्या वर्गात क्रियापद शिकवताना आता मुद्दाम सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जी चूक आपल्याखेरीज कुणालाच दिसणार नाही ती सांगितलीच पाहिजे काय?

मी हा प्रश्न आमच्या शिक्षकांच्या खोलीत काढला तेव्हा एक वयस्क सहकारी म्हणाले, "प्रत्येक चूक सांगत बसलं तर लोकांचा विश्वासच उडेल. इस्पितळ काय, शाळा काय, थोड्याफार झाकपाकीवरच चालतात." हे म्हणणे मला वाटते तितके हलके नाही. रोगी मनाने खचलेला असतो. त्याला प्रत्येक थेंबाचा हिशेब देऊन काय साधणार? तिरपी सुरी आणि दुधाळ झायलीन यांच्याशी त्याला काय करायचे? बाईही तसे करत नव्हत्या. सुधारता येईल ते त्या मुकाट्याने सुधारत. नवा काप, नवा रंग. पण ज्या चुकीवर दुसऱ्या कुणाचा निर्णय उभा राहणार आहे, ती लपवली की आपण त्या माणसाच्या हातात खोटे वजन देतो, आणि तराजू मात्र त्याचा असतो. माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे इथे लंगडे पडते असे मला वाटते. विश्वास उडेल म्हणून झाकायचे, तर जो उरतो तो विश्वास कशावर?

मी हे लिहितो आहे खरा, पण लिहिण्याचा अधिकार मला किती आहे ते सांगून टाकले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेचे पेपर मी तपासले होते. निकाल लागून महिना झाल्यावर रद्दी बांधताना एका मुलाचा पेपर हाती आला, आणि सहज नजर गेली तर बेरीज चुकलेली. आठ गुण कमी धरले होते. त्या आठ गुणांनी त्याचा वर्गातला पहिला नंबर गेला होता, आणि पहिल्या नंबराला त्या वर्षी एका गृहस्थांनी पुढच्या वर्षाची पुस्तके देऊ केली होती. पुस्तके दुसऱ्या मुलाला देऊन झाली होती. टाळ्याही वाजून झाल्या होत्या. मी पेपर रद्दीत घातला आणि सुतळी ओढून गाठ मारली. पुढे तो मुलगा दहावीनंतर शिकला नाही. माझ्या आठ गुणांमुळे नव्हे. घरची परिस्थिती तशी होती. असे मी स्वतःला सांगतो, आणि ते बहुधा खरेही आहे. गावात त्याचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. मी दिसलो की तो तेलकट हात जोडून "नमस्कार, गुरुजी" म्हणतो. पंक्चरचे पैसे घेत नाही. मी आग्रह करतो. तरी घेत नाही.

बाईंना मी ही हकिकत सांगितली. त्यांनी माझे समाधान करायचा प्रयत्न केला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांनी टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढून दाखवली. तिच्यात तारीखवार चुका लिहिलेल्या होत्या: कुठला ब्लॉक, काय बिघडले, कशाने, काय केले. बऱ्याच ठिकाणी 'कारण' या रकान्यात 'मी' एवढेच अक्षर होते. मी म्हणालो, "बाई, याला फार मोठं मन लागतं." त्या म्हणाल्या, "मन कसलं, गुरुजी? लिहिलं नाही तर दुसऱ्या महिन्यात तीच चूक परत होते, आणि तेव्हा आठवतही नाही. सुरुवातीला लाज वाटायची. आता पाणी बदलल्यासारखं होतं." मी सद्गुण म्हणून त्याकडे पाहत होतो, त्यांच्या लेखी ती कागदाची पट्टी होती, दोन ब्लॉकच्या मधे पाण्यावरून फिरवायची.

सौ.ची औषधे संपली. गाठीची खूण साडीच्या पदराआड जाते. यंदा त्यांनी स्वतः उभे राहून अनारसे तळले, आणि मला पहिल्या घाण्यातला फुटका दिला.

पण शेवटच्या भेटीत मी बाईंना एक गोष्ट विचारली होती, ती सांगायची राहिली. तो पुंजका आमचा नव्हता म्हणून त्या सोमवारी मी जिना उतरताना जवळजवळ धावत होतो; पेढे घ्यावेत असेही मनात आले होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की तो कुणाचा तरी होताच. गुरुवारी खिडकीपुढच्या बाकावर बसलेली माणसे मी आठवू लागलो. पिवळे पागोटे घातलेले एक म्हातारेबोवा होते, एक तरुण बाई होती, तिच्या मांडीवर डबा होता. मी विचारले, "तो आधीचा पेशंट कोण होता?"

"ते मी तुम्हाला सांगणार नाही, गुरुजी," बाई म्हणाल्या.

"नाव नको. पण त्यांचं पुढं…"

त्यांनी पाण्यावरून कागद फिरवला, तो टोपलीत टाकला आणि पुढचा ब्लॉक यंत्रावर चढवला. "त्यांची स्लाइड पहिल्याच दिवशी नीट झाली होती," त्या म्हणाल्या. "त्यांचा रिपोर्ट गुरुवारीच गेला."